अकरा दिवस न सापडलेला बग, रतिबाचं बिल आणि पुरुषोत्तमच्या तालमी

तुझा प्रश्न मोठा होता, म्हणून मला तो कसा समजला ते आधी लिहिते. तू टीई कॉम्प्युटरला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पुण्यात कोथरूडला राहतेस. उन्हाळ्याच्या सुट्टीत खराडीच्या एका लहान कंपनीत इंटर्नशिप मिळाली आणि कॉलेज सुरू झाल्यावरही आठवड्याचे तीन दिवस ती चालू आहे. कंपनी दूधवाल्यांसाठी रतिबाचं ॲप बनवते. महिन्याच्या बिलात काही गिऱ्हाइकांचे दिवस चुकतात, तो बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधून दुरुस्त करायचं काम तुझ्याकडे आहे. अकरा दिवस झाले, सापडत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतेस, डीबीएमएसच्या (डेटाबेसच्या विषयाच्या) असाइनमेंट साचल्यात, इनसेम ही सत्राच्या मधली परीक्षा पुढे उभी आहे. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या कॉलेजच्या एकांकिकेचे लाइट्स तुझ्याकडे आहेत आणि तालमींना जाणं होत नाही. त्यात वर्गातले मित्र चेहरा ओळखून हजेरी लावणारा एआय प्रोजेक्ट करतायत आणि आपण एक बग धरून बसलोय, असं तुला वाटतंय. शेवटी विचारलंयस, एकांकिका सोडू का?

मी सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या बाणेरला काम करते, आणि गेली आठ-नऊ वर्षं दर वर्षी दोन-तीन इंटर्न माझ्या हाताखाली असतात. वयानं बरीच लहान आहेस म्हणून एकेरीतच लिहिते.

मला विचारशील तर एकांकिका सोडू नकोस. का, ते सांगते. तुझ्याच हिशोबानं तालमी संध्याकाळी दोन तास, त्याही तू गेल्या दोन आठवड्यांत तीनदाच गेलीस. म्हणजे तुझा वेळ तालमींनी खाल्लेला नाही. तो त्या बगनं खाल्लाय. आणि बगनं तरी का, तर अकरा दिवसांत तू कुणालाही काहीही विचारलेलं नाहीस म्हणून. 'मेंटर बिझी असतात, मूर्ख वाटेन' असं एक वाक्य तुझ्या प्रश्नात मधेच येऊन गेलंय. मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. उद्या एकांकिका सोडलीस तर मोकळे झालेले ते दोन तासही हाच बग खाईल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुझी एखादी केटी, म्हणजे नापास झालेला विषय, राहिली असेल तर ती सगळ्यात आधी. बऱ्याच कंपन्या प्लेसमेंटच्या वेळी चालू बॅकलॉग असलेल्यांना बसूच देत नाहीत. इंटर्नशिपच्या स्टायपेंडवर घरचं काही अवलंबून असेल तर तो वेगळा हिशोब, तिथे कुणी बाहेरच्यानं शहाणपण शिकवू नये. आणि कंपनीत तुला मेंटर खरंच आहे का, की नुसतं सर्टिफिकेट मिळणार आहे? आपल्याकडे मुलांकडूनच पैसे घेऊन इंटर्नशिपचा कागद देणाऱ्या जागाही आहेत. तसं असतं तर मी इंटर्नशिप सोड म्हटलं असतं. पण तुझ्या वर्णनावरून काम खरं आहे, गिऱ्हाईक खरं आहे, बिलं खरी आहेत. इतकं चांगलं काम तिसऱ्या वर्षात फार कमी मुलांच्या वाट्याला येतं.

त्या बगकडे येऊ या, कारण मला तो फार आवडला. तू तीन गोष्टी लिहिल्यास आणि तिन्ही पुढे सोडून दिल्यास. एक, चूक सगळ्यांची होत नाही, ठरावीक गल्ल्यांतल्याच लोकांची होते. दोन, तुझ्या लॅपटॉपवर तेच बिल बरोबर येतं, सर्व्हरवर चुकतं. तीन, एका काकूंनी १ जूनला खाडा केला होता, तरी त्यांना जूनचं बिल पूर्ण ३० दिवसांचं आलं.

या तिन्ही एकत्र ठेवल्या की माझा अंदाज घड्याळाकडे जातो. दूध टाकणारा माणूस पहाटे निघतो. लाइनीतल्या पहिल्या गल्ल्यांत तो पावणेपाचला असतो, शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत साडेसहा होतात. प्रत्येक घरी पिशवी टाकली की तो ॲपमध्ये बटण दाबतो. ती वेळ सर्व्हरवर यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, साठवली जात असणार, आणि ते योग्यच आहे. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे १ जूनची पहाटेची ४.५० झालेली असते तेव्हा यूटीसीत ३१ मेच्या रात्रीचे २३.२० वाजलेले असतात. आता बिल बनवणाऱ्या कोडनं त्या वेळेतून नुसती तारीख काढून घेतली, तर पहाटे साडेपाचच्या आधी टाकलेलं प्रत्येक दूध आदल्या दिवसावर पडेल. साडेपाचनंतरच्या गल्ल्या मात्र बिनचूक येतील. म्हणून ठरावीक गल्ल्या. लॅपटॉपवर बरोबर येतं, कारण तुझ्या लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे आणि क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवरच चालतात.

काकूंचा हिशोब कागदावर मांडून बघ, मी मांडला. त्यांना जूनमध्ये दूध पडलं २ ते ३० तारखेला, म्हणजे २९ दिवस. ते सगळे एकेक दिवस मागे सरकून १ ते २९ जूनवर बसले. १ जुलैच्या पहाटेचं दूध सरकून ३० जूनवर आलं. झाले ३०. आणि १ जूनचा खाडा? तो ३१ मेवर गेला, म्हणजे मेचं बिल एक दिवसानं कमी आलं असणार. कमी आलेल्या बिलाची तक्रार कोण करतो? ज्यांचा एकही खाडा नाही त्यांचं तर महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस जातो आणि शेवटी एक येतो, बेरीज तेवढीच. म्हणून ही चूक इतके दिवस लपून राहिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला खाडा करणारा कुणीतरी भेटेपर्यंत ती दिसणारच नव्हती.

हे मी अंदाजानं लिहितेय, तुमचा कोड मी पाहिलेला नाही. पण अंदाज खरा की खोटा हे ठरवायला अर्धा तास पुरतो. तू अकरा दिवस कोड वाचत होतीस. मी असते तर पहिल्या दिवशी कोड उघडलाच नसता. काकूंची एक डिलिव्हरी घेतली असती, फक्त एक, आणि ती डेटाबेसमध्ये जशी पडलीय तशीच्या तशी पाहिली असती. फोन, सर्व्हर, डेटाबेस, बिल असा त्या नोंदीचा प्रवास आहे. मधोमध, डेटाबेसपाशी पाहिलं की निम्मा रस्ता संशयातून बाहेर पडतो. तिथे वेळ यूटीसीच्या हिशोबानं बरोबर असेल तर चूक बिलाच्या बाजूला, नसेल तर फोनच्या बाजूला. दुसऱ्या वर्षात बायनरी सर्च शिकलीस ना, तेच आहे हे.

मग लॅपटॉपवर टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामनं कुठलं घड्याळ धरायचं ते सांगणारं सेटिंग, यूटीसी करून तेच बिल चालव. तिथेही ३० आले तर चूक तुझ्या ताब्यात आली. जी चूक आपल्याला हवी तेव्हा घडवून आणता येत नाही ती दुरुस्त झाली असं मी कधीच मानत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल आणि तारीख तिथेच काढली जात असेल तर त्याच्या सेशनचा टाइमझोनही तपास. तो वेगळा असू शकतो.

दुरुस्ती करताना एक मोह होईल: बिलाच्या कोडमध्ये साडेपाच तास मिळवून टाकायचे. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे ते आज चालेलही. पण मग तोच साडेपाच रिपोर्टमध्ये, मेसेजमध्ये, एक्सेलच्या एक्सपोर्टमध्ये विखुरतो आणि एके दिवशी कुठेतरी तो दोनदा मिळवला जातो. मी हे घडलेलं पाहिलंय, नीट व्हायला तीन आठवडे लागले होते. त्यापेक्षा दोन बरे रस्ते आहेत. महिन्याची सुरुवात आणि शेवट भारतीय वेळेत ठरवून त्यांचं यूटीसी करायचं आणि त्या दोन टोकांमधल्या नोंदी मागायच्या. जून म्हणजे ३१ मेच्या १८.३० पासून ३० जूनच्या १८.३० च्या आतपर्यंत. किंवा 'दूध कुठल्या तारखेचं' हा कॉलम वेगळाच ठेवायचा, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं रतिबाची तारीख आणि बटण दाबल्याची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मला दुसरा रस्ता जास्त पटतो. पण त्यात जुन्या नोंदी भरून घ्याव्या लागतील, ॲपही थोडं बदलावं लागेल, आणि ते ठरवणं इंटर्नचं काम नाही. दोन्ही पर्याय मेंटरपुढे मांड, तुला कुठला वाटतो आणि का ते सांग, आणि निर्णय त्यांना घेऊ दे. मे-जूनच्या निघून गेलेल्या बिलांचं काय करायचं हेही त्यांनाच विचार. काकूंचे मेमध्ये वाचलेले पैसे जूनमध्ये गेलेत, पण बाकीच्यांचं तसंच असेल असं नाही.

आता डीबीएमएस. तू लिहिलंयस, अभ्यास आणि काम यांचा काही संबंध लागत नाही. वर सांगितलेला पहिला रस्ता दोन तऱ्हांनी लिहून बघ. एकात प्रत्येक नोंदीची वेळ बदलून तिची तारीख काढ आणि ती जूनमधली आहे का विचार. दुसऱ्यात वेळ आहे तशी ठेव आणि फक्त दोन टोकं दे. दोन्हींना एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून बघ. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) असेल आणि टेबल पुरेसं मोठं असेल तर दुसऱ्या क्वेरीत तो वापरलेला दिसेल, पहिलीत सहसा दिसणार नाही, कारण इंडेक्स मूळ वेळेवर बांधलाय आणि तू विचारतेयस बदललेल्या तारखेबद्दल. इंडेक्स बहुधा ज्या रचनेत ठेवलेला असतो त्या बी-प्लस ट्रीमध्ये खालची पानं एकमेकांना जोडलेली का असतात, हे तेव्हा डोळ्यांना दिसतं: पहिलं टोक गाठायचं आणि दुसरं येईपर्यंत सरळ चालत जायचं. हे एकदा पाहिलंस की परीक्षेत त्यावर येईल ते तू पाठ न करता लिहिशील. ट्रान्झॅक्शनचा धडाही असाच घे. त्याच घरचा खाडा एकाच क्षणी गिऱ्हाइकानं आणि दूधवाल्यानं नोंदवला तर काय होईल, हा प्रश्न स्वतःच्याच प्रोजेक्टला विचार. टीओसीचा (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा) मात्र रतिबाशी संबंध लावत बसू नकोस, तो विषय सरळ बसून सोडवायचा आहे.

एआयला कोड देऊन विचारलं आणि पाच दुरुस्त्या मिळाल्या, एकही चालली नाही, असं तू लिहिलंस. चालणार कशी? तू त्याला कोड दिलास, काकूंची नोंद दिली नाहीस, गल्ल्यांचं सांगितलं नाहीस, लॅपटॉप आणि सर्व्हरमधला फरक सांगितला नाहीस. माणसाला विचारतानाही हेच होतं. मी माझ्या इंटर्नना एक सवय लावते. वहीत तीन ओळी लिहायच्या: काय दिसतंय, काय दिसायला हवं होतं, मी काय काय करून पाहिलं. दीड तास अडकलं की त्या तीन ओळी घेऊन उठायचं आणि विचारायचं. निम्म्या वेळा तिसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडतं आणि उठावंच लागत नाही. उरलेल्या वेळी मेंटरला दोन मिनिटांत कळतं की मुलगी कुठे उभी आहे. मूर्ख कोण वाटतं सांगू का? 'चालत नाहीये' एवढंच म्हणणारा. आणि जास्त काळजी मला वाटते ती अकरा दिवस काहीच न म्हणणाऱ्याची, कारण त्या मुलाचं काय चाललंय हे मला कळतच नाही आणि मदत करायची संधीही मिळत नाही. एक मात्र पाळ: गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर कुठल्याही एआयमध्ये टाकू नकोस. आकडे बदलून, नावं काढून विचार, आणि कंपनीचा कोड बाहेर द्यायला परवानगी आहे का हे आधी विचारून घे.

मित्रांच्या एआय प्रोजेक्टबद्दल. त्यांचा प्रोजेक्ट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मनापासून करत असतील तर त्यातूनही पुष्कळ शिकतील. पण मी दर वर्षी पन्नासएक मुलांच्या मुलाखती घेते आणि चेहऱ्यावरून हजेरी हा प्रोजेक्ट इतक्या रेझ्युमेंत असतो की मी पुढचाच प्रश्न विचारते: दोन जुळे भाऊ वर्गात असले तर? मुलगा गप्प झाला की समजतं, तयार मॉडेल आणलं आणि चालवलं. तू मला काकूंच्या खाड्याची गोष्ट सांगितलीस, काय चुकत होतं, कशावरून ओळखलं, दुरुस्त झालं हे कशावरून म्हणतेस, तर मी तुला वीस मिनिटं दुसरं काही विचारणार नाही. म्हणून दुरुस्तीबरोबर टेस्ट लिही. पहाटेची ४.५०, ५.२९ आणि ५.३१, महिन्याची पहिली तारीख, १ जानेवारी, पहिल्याच तारखेचा खाडा. रेझ्युमेत दोनच ओळी टाक: बिलातल्या कुठल्या चुकीचं कारण शोधलं आणि त्यानं कुणाची बिलं दुरुस्त झाली. किती गिऱ्हाइकांची, तो आकडा मेंटरकडून खरा घे.

आणि आता एकांकिका. माझ्या पहिल्या नोकरीत, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, माझ्या लीडनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की शनिवार-रविवार मोकळे ठेवायचे. शनिवारी सकाळी माझा गाण्याचा क्लास असायचा, आठवीपासूनचा. मी तो सोडला. त्या शनिवारांत मी काय केलं हे आठवायचा प्रयत्न केला तर एकही काम आठवत नाही. बरेचदा आम्ही नुसते वाट बघत बसायचो. गाणं पुन्हा सुरू केलं तेव्हा मी पस्तिशीची होते. जे गेलं त्यातलं काही परत आलं, सगळं आलं नाही. म्हणून कुणी विद्यार्थी मला 'छंद सोडू का' असं विचारतो तेव्हा मी पटकन हो म्हणत नाही.

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम पाहिलाय मी, कॉलेजात असताना आणि नंतरही. पडदा उघडायच्या आधी 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की अंगावर काटा येतो. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं तिच्यात वर्षानुवर्षं सबमिशनं सांभाळून उतरत आली आहेत. तू अशक्य काही मागत नाहीयेस. फक्त लाइट्स एवढंच काम धर. तुझ्या लिहिण्यावरून तू नेपथ्याच्या सामानालाही जातेस आणि पोस्टरही तूच करतेयस. ती दोन कामं आजच ज्युनिअर मुलांकडे दे, ती खूश होतील. लाइट्सवाल्याची खरी गरज शेवटच्या दहा-बारा दिवसांत लागते. त्याआधी संहिता हातात घेऊन, कुठल्या वाक्यावर कुठला लाइट जातो नि येतो हे लिहिण्यापुरत्या आठवड्याला दोन तालमी पुरतात. त्या दोन कुठल्या ते दिग्दर्शकाला आधी सांग आणि चुकवू नकोस. लॉट निघून (चिठ्ठ्या टाकून) प्रयोगाची तारीख कळली की त्याच दिवशी मेंटरला कळव आणि प्रयोगाचा दिवस, आदला दिवस अशी रजा मागून ठेव. महिनाभर आधी मागितलेली दोन दिवसांची रजा मी आजवर कुठल्याच इंटर्नला नाकारलेली नाही. आदल्या रात्री आलेल्या 'बरं वाटत नाहीये' या मेसेजवर मात्र माझा विश्वास बसत नाही, आणि तो खोटा निघाला तर पुढच्या खऱ्या मेसेजवरही बसत नाही.

ही आवड रेझ्युमेत कशी बसवायची हे विचारलंयस. छंद म्हणून एक ओळ लिही आणि सोडून दे. त्यातून टीमवर्क आणि लीडरशिप काढून दाखवायची काही गरज नाही. तुला अंधारातून हळूहळू उजळत जाणारा रंगमंच आवडतो, एवढं कारण पुरे आहे.

वनाज ते रामवाडी मेट्रोतल्या वेळेत अभ्यास करायचं ठरवलंयस तेही नको. परतताना तरी नको. खिडकीला डोकं टेकून झोप, तू गेले दोन आठवडे झोपलेली नाहीस.

सोमवारी ऑफिसला गेलीस की कोड उघडायच्या आधी काकूंची १ जुलैची नोंद बघ. तिथे ३० जून आणि रात्रीचे अकरा-साडेअकरा दिसले तर वरचं सगळं लागू आहे. तिथे सरळ १ जुलै पहाटेचे पाच दिसले तर बहुधा माझा अंदाज चुकला. मग पाहा की ही वेळ बटण दाबल्याची आहे की फोनला रेंज आल्यावर सर्व्हरवर पोचल्याची, कारण सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये रेंज नसते आणि दूधवाल्याचा फोन तासाभरानं सगळ्या नोंदी एकदम पाठवत असेल. दोन्हींपैकी काहीच जुळलं नाही तर त्या तीन ओळी लिहून मेंटरकडे जा, आणि नोंदीत काय दिसलं ते नावं काढून मलाही लिही.